जुन्या पद्मिनीतील पाण्याची गळती: शोध आणि दुरुस्ती

पावसाळा संपल्यावर झाकून ठेवलेल्या जुन्या मोटारीचे दार उघडले की ओल्या काथ्याचा आणि गंजाचा मिळून एक कुबट वास नाकात शिरतो. बहुतेक मालक तेव्हा गाडी उन्हात उभी करतात, पायाखालच्या मॅट कुंपणाच्या भिंतीवर वाळत घालतात आणि वास गेला म्हणजे गळतीही गेली असे समजतात. पुढच्या मृगात पाणी पुन्हा त्याच जागी साचते, आणि चार-पाच वर्षांनी मॅट उचलल्यावर तिच्याबरोबर पत्र्याचा पापुद्राही वर येतो. मी स्वतः १९८६ ची एक प्रीमियर पद्मिनी दुरुस्त करताना या फेऱ्यात दोन पावसाळे घालवले. तेव्हा ज्या चुका केल्या आणि शेवटी जी पद्धत हाती लागली, ती येथे क्रमाने मांडली आहे.

उदाहरणे पद्मिनीची आहेत, कारण ती गाडी माझ्या परिचयाची आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघालेल्या या गाडीची मूळ घडण इटालियन होती, आणि ती पुढे फारशी बदलली नाही. त्यामुळे साठच्या दशकातल्या डिलाइटला लागू पडणारी बरीचशी माहिती नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीलाही लागू पडते. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस उतरली. खासगी मालकांकडे मात्र या गाड्या अजून पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर कामही चालू असते.

गळतीचा इतका बाऊ कशासाठी, असे विचारणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते, त्यामुळे तिच्या फरशीला भोक पडले तरी गाडीचा सांगाडा शाबूत राहतो. पद्मिनीला अशी वेगळी चासी नाही. फरशी, दारांखालचे पोकळ उंबरे आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. उंबऱ्याच्या पोकळीत पाणी साचले की तो आतून बाहेर गंजत येतो, आणि बाहेरच्या रंगाला पहिला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो.

पहिली पायरी: पाणी कोणते आणि केव्हाचे

हत्यार उचलण्यापूर्वी आठवडाभर नुसते निरीक्षण करावे. गाडी उभी असताना पाऊस पडला तर पाणी येते, की पावसात चालवल्यावरच येते, या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्म्या जागा वगळता येतात. उभ्या गाडीत येणारे पाणी वरून येते, म्हणजे काचा, टप, दरवाजे किंवा डिकी यांच्याकडून. चालवल्यावरच येणारे पाणी बहुधा चाकांनी उडवलेले असते आणि ते फरशीतून, मडगार्डच्या आतल्या सांध्यांतून किंवा इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पडद्यातून शिरते. पाऊस नसतानाही मॅट ओली होत असेल आणि गाडीत मागाहून एसी किंवा हीटर बसवलेला असेल, तर आधी त्याच्या नळ्या पाहाव्यात. एसीचे पाणी स्वच्छ व बिनवासाचे असते. रेडिएटरमधले कूलंट मात्र बोटांना बुळबुळीत लागते, त्याला गोडसर वास येतो आणि समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला त्याचा तेलकट थर बसतो. कूलंट विषारी असते, त्यामुळे ते चाखून पाहण्याचा जुना मेकॅनिकी प्रकार टाळावा.

याच आठवड्यात गाडी कशी उभी असते याचीही नोंद ठेवावी. पाणी उताराने जाते हे सर्वांना ठाऊक असते, पण आपल्या दारातला उतार गाडीला नाक खाली करून उभी करतो की शेपूट, याकडे कोणी लक्ष देत नाही. माझे पहिले वर्ष नेमके त्यामुळे वाया गेले.

दुसरी पायरी: आतले सारे बाहेर

मॅट अंगावर ठेवून गळती शोधता येत नाही. पुढची आणि मागची सीट, मॅट, तिच्याखालचा काथ्या किंवा नमदा, आणि दारांच्या आतले पॅनेल हे सर्व काढावे. प्रत्येक पॅनेलच्या मागे पेन्सिलीने ते कोणत्या दाराचे आहे हे लिहून ठेवावे. क्लिपा एका डब्यात आणि स्क्रू दुसऱ्या डब्यात ठेवावेत. डांबराचे आवाजरोधक थर पत्र्याला घट्ट चिकटलेले असतील तर राहू द्यावेत. जेथे ते टोकरल्यावर पोकळ वाजतात तेथे मात्र खाली पाणी शिरलेले असते, म्हणून तेवढे खरवडून काढावेत.

आता फरशीतली रबरी बुचे तपासावीत. पाणी आपोआप निघून जावे म्हणून ही बुचे काढून टाकण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो ऐकू नये. आत आलेले पाणी त्या भोकातून जेवढे जाते, त्यापेक्षा जास्त पाणी चालत्या गाडीत रस्त्यावरून त्याच भोकातून वर येते.

त्यानंतर गाडी पूर्ण कोरडी करावी. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस दारे उघडी ठेवून पुरतात. दमट हवेत टेबलफॅन लावावा लागतो. उंबऱ्यांच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके तारेने मोकळी करावीत. माझ्या गाडीत डाव्या उंबऱ्यातून ओंजळभर चिखल निघाला आणि त्यामागून तांबडे पाणी आले. पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर हा गाळ फारच निघतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशी गाडी विकत घेतली असेल, तर ओल वरून येत नसून जुना गाळच ती धरून ठेवत आहे, असेही निघू शकते.

तिसरी पायरी: पाणी न वापरता तपासणी

पाणी मारण्याआधी तीन कोरड्या चाचण्या कराव्यात, कारण त्यांना खर्च नाही आणि त्या गाडी ओली करत नाहीत.

पहिली चाचणी रात्रीची आहे. गाडीत एकाने प्रखर विजेरी घेऊन बसावे, दारे बंद करावीत, आणि दुसऱ्याने अंधारात बाहेरून पाहावे. दाराच्या फटीतून किंवा वायरिंगच्या भोकातून आलेली उजेडाची रेघ बाहेर स्पष्ट दिसते. त्यानंतर दोघांनी जागा बदलाव्यात आणि बाहेरच्याने बोनेट उघडून विजेरी इंजिनमागच्या पडद्यावर व मडगार्डखाली फिरवावी. स्टिअरिंगचा दांडा, स्पीडोमीटरची केबल, चोकची केबल आणि वायरिंगचा जुडगा ज्या भोकांतून आत येतात, तेथील रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवलेली रबरी कडी) चाळीस वर्षांत लाकडासारखे कडक झालेले असतात. त्यांतले निम्मे तरी या चाचणीत उघडे पडतात.

दुसरी चाचणी कागदाची. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी दाराच्या रबरावर ठेवून दार लावावे आणि पट्टी हळू ओढावी. ती अडखळत निघाली तर रबर नीट दाबले जात आहे. सहज सुटून आली तर तेथे फट आहे. हाताच्या रुंदीएवढ्या अंतराने हे दारभर करावे आणि सैल जागांवर खडूने खूण करावी. अधिक बारकाईने पाहायचे असेल तर रबराला खडूची पूड चोळून दार एकदा घट्ट लावावे. चौकटीवर जेथे पांढरी रेघ उमटत नाही, तेथे रबर टेकत नाही.

तिसरी चाचणी हवेची आहे आणि माझ्या मते ती सर्वांत भरवशाची. एक काच थोडी खाली करून त्या फटीत पुठ्ठा बसवावा, पुठ्ठ्याच्या भोकातून व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी नळी आत सोडावी आणि सर्व कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. क्लीनर चालू केला की गाडीत हवेचा किंचित दाब तयार होतो. मग साबणाचे पाणी ब्रशने काचेच्या रबरांवर, टपाच्या कडेच्या पन्हळीच्या सांध्यावर आणि दिव्यांच्या कडेला लावावे. जेथे भोक असेल तेथे बुडबुडे येतात. ही युक्ती सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याचीच आहे, फक्त ट्यूब जरा मोठी आहे.

चौथी पायरी: पाणी मारून शोध

या पायरीसाठी दोन माणसे, बागेची साधी रबरी नळी आणि भरपूर सबुरी लागते. बॅटरीची तार काढून ठेवावी. धुलाई केंद्रावरचा जोरदार फवारा मुळीच वापरू नये. त्या दाबाने धडधाकट रबरातूनही पाणी आत जाते, आणि मग नसलेली गळती सापडते. नळीच्या तोंडाला नॉझल न लावता पाणी पावसासारखे अंगावरून वाहू द्यावे.

आत कोरड्या पत्र्यावर सगळीकडे वर्तमानपत्रे अंथरावीत. कागदावर पडलेला एक थेंबही काळसर डाग होऊन लगेच दिसतो, आणि डागाच्या आकारावरून पाणी थेंब-थेंब वरून पडले की कडेने वाहत आले हेही कळते. खांबांच्या आतल्या बाजूला आणि डॅशबोर्डखाली टाल्कम पावडरचा पातळ थर मारावा. ओघळ त्यात स्वतःची वाट काढून ठेवतो.

नियम एकच आहे, तो म्हणजे खालून वर. आधी उंबरा, मग दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग समोरच्या काचेचा खालचा काठ, मग तिच्या बाजू आणि वरचा काठ, आणि सर्वांत शेवटी टप. सुरुवातीलाच टपावर पाणी ओतले तर ते प्रत्येक सांध्यावरून खाली जाते आणि आत थेंब दिसला तरी तो कोठला हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक जागी घड्याळ लावून निदान पाच मिनिटे पाणी मारावे, आतल्या माणसाने विजेरी घेऊन तेथे पाहत राहावे, आणि काही आढळले नाही तरच वर सरकावे. पोकळ भाग भरून वाहायला वेळ लागतो, म्हणून एखाद्या जागेवर संशय असेल तर दहा मिनिटेही कमी पडतात. ज्या भागाची तपासणी नको आहे तो मास्किंग टेप आणि प्लॅस्टिकने झाकता येतो. एका वेळी एकच सांधा उघडा ठेवणे हे कंटाळवाणे असले तरी खात्रीचे काम आहे.

आता माझी फसगत सांगतो. माझ्या गाडीत पाणी डाव्या बाजूच्या पुढच्या सीटसमोर, पाय ठेवण्याच्या जागी साचत असे. दोष समोरच्या काचेच्या रबराचाच, असे एका गॅरेजने छातीठोकपणे सांगितले, आणि रबराच्या कडेने सिलिकॉनची ट्यूब रिकामी करून दिली. पाणी आलेच. मग मी नवे रबर आणून काच बसवून घेतली. तरी पाणी आले. दुसऱ्या पावसाळ्यात मी नोंदवही उघडून पाहिली, तेव्हा गाडी घरासमोर नाक खाली करून उभी असलेल्या दिवशीच कागद ओला झाला होता. सपाट जागी कार्यालयात उभी केली तेव्हा तो कोरडा होता. मी गाडी उतारावर तशीच उभी केली आणि खालून वर पाणी मारत गेलो. समोरची काच पार होईपर्यंत आत काही नव्हते. डाव्या बाजूच्या मागच्या दारावरील पन्हळीत पाणी भरले, आणि सातव्या मिनिटाला पुढच्या खांबावरच्या पावडरमधून एक बारीक रेघ खाली उतरू लागली. पाणी शिरत होते मागच्या दारावर आणि साचत होते पुढच्या सीटसमोर. टपाच्या कडेची पोकळी त्याला नळासारखी पुढे घेऊन येत होती.

त्या जागेवरचा रंग खरवडला तेव्हा पन्हळीच्या सांध्यात नखाएवढी भेग दिसली. तेथे पूर्वी कोणी तरी सामानाचे कॅरिअर कसून बसवले होते. टॅक्सी म्हणून चाललेल्या गाड्यांत तर हे ठरलेलेच. कॅरिअरचे पंजे पन्हळीलाच आवळलेले असतात, आणि वर्षानुवर्षे ट्रंका व वळकट्या वाहून तो सांधा हलून जातो.

टपाची पन्हळ

पन्हळ ही टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जेथे स्पॉट वेल्डिंगने जोडला आहे तेथेच असते, आणि त्या सांध्यातले मूळ सीलंट कालांतराने वाळून तडकते. रंगाखालची तड डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पूर्ण लांबीची पन्हळ तपासावी, आणि एका ठिकाणी दोष निघाला तर सबंध बाजूच नव्याने करावी. जुने सीलंट धारदार पट्टीने काढून पत्रा उघडा करावा, गंज तारेच्या ब्रशने घासावा, उरलेल्या खोल गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावून तो काळा पडेपर्यंत थांबावे, मग इपॉक्सी प्रायमर मारावा. प्रायमर वाळल्यावर रंग धरणारे पॉलियुरेथेन सीम सीलर सांध्यात भरून साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने सारखे करावे. ते इतके भरू नये की पन्हळच बुजेल. तिने पाणी वाहून न्यायचे आहे. एक दिवस मुरू दिल्यावर रंग द्यावा.

रंगकाम करणारे अनेक कारागीर येथे सीलरऐवजी लांबी (पुट्टी) भरून मोकळे होतात. लांबी घासून चकचकीत करता येते, पण ती लवचिक नसते. खड्ड्यात गाडीचा सांगाडा थोडा पिळला की लांबीला तडा जातो, आणि शिवाय ती पाणी शोषून पत्र्याला लावून ठेवते.

समोरची आणि मागची काच

पद्मिनीची काच गोंदाने चिकटवलेली नसून रबरी चौकटीत बसवलेली असते, आणि रबराच्या खाचेत दाबलेली चकचकीत पट्टी त्या रबराला घट्ट करते. गळती दोन ठिकाणी होऊ शकते: काच आणि रबर यांच्यामधून, किंवा रबर आणि पत्रा यांच्यामधून. पहिल्या प्रकारात पाणी काचेच्या आतल्या पृष्ठभागावरून ओघळते. दुसऱ्या प्रकारात ते डॅशबोर्डच्या मागे, डोळ्यांआड उतरते. रबर आखडले की सर्वप्रथम कोपऱ्यांतून सरकते. म्हणून बोटाने कोपऱ्यातला ओठ उचलून खाली पाहावे. तेथे तपकिरी पूड दिसली तर नुसते सीलंट भरण्याचा विचार सोडून काच काढावी लागते.

काच काढताना आधी पट्टी सोडवावी आणि मग आतून रबराचा ओठ पत्र्यावरून सोडवत न्यावा. जुने रबर पुन्हा वापरायचे नसेल तर ते सरळ कापून काढणे काचेच्या दृष्टीने सुरक्षित असते. काचेच्या कडेला धातू लागू देऊ नये, कारण टफन्ड काच मध्यभागी ठोसा सोसते, पण कडेवरच्या टिचकीने तिचा चुरा होतो. उघडा पडलेला काठ बारकाईने पाहावा. गंजाने पडलेल्या भोकांवर एम-सील थापण्याऐवजी तेवढा पत्रा कापून नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने लावून घ्यावा, आणि वेल्डिंगच्या वेळी बॅटरी पूर्ण सोडवावी. मागच्या भागात ठिणगी उडणार असेल तर पेट्रोलची टाकीही उतरवावी. त्यानंतर इपॉक्सी प्रायमर आणि रंग देऊनच काच बसवावी. उघड्या पत्र्यावर नवे रबर बसवणे म्हणजे गंजाला छप्पर घालून देणे होय.

बसवण्याची रीत दोरीची. रबर काचेवर चढवावे, रबराच्या पत्र्याकडील खाचेत गुळगुळीत नायलॉनची दोरी फिरवून तिची दोन्ही टोके खालच्या काठाच्या मध्यावर वीतभर एकमेकांवर ठेवावीत, खाचेत साबणाचे पाणी सोडावे. एकाने बाहेरून काच तळहाताने दाबत राहावे आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढावी. दोरी सुटेल तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटत येतो. घाई केली तर ओठ फाटतो. रबर लांबीवर विकत घेऊन सांधायचे असेल, तर ते मापापेक्षा बोटभर जास्त कापावे आणि दाबून बसवावे, कारण रबर पुढे आखडते. सांधा कोपऱ्यात येऊ देऊ नये. शेवटी चकचकीत पट्टी बसवावी आणि रबराच्या बाहेरील ओठाखाली, पत्र्याच्या बाजूला, न वाळणारे ब्यूटिल सीलंट नळीच्या निमुळत्या तोंडाने भरून वर आलेले पुसून घ्यावे.

समोरच्या काचेखाली वायपरचे दांडे पत्र्यातून बाहेर येतात, त्यांच्या तळाचे रबरी वायसर पाहायला विसरू नये. तेथून येणारे पाणी थेट डॅशबोर्डखालच्या वायरिंगवर पडते आणि दोष फ्यूजवर ढकलला जातो. पद्मिनीची मागची काच बहुधा खालच्या दोन कोपऱ्यांत गळते आणि ते पाणी मागच्या सीटच्या पाठीमागून डिकीत उतरते, त्यामुळे डिकीचे रबर बदलूनही डिकी ओलीच राहते.

दरवाजे

दारांविषयी एक गैरसमज आधी दूर करावा लागेल. दाराच्या आत पाणी जाणे हा दोष नाही. वर-खाली होणारी काच आणि पत्रा यांच्यामधली मखमली पट्टी सर्व पाणी अडवूच शकत नाही. पाणी दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते, अशीच ती रचना आहे. तेव्हा तेथे आपले काम पाण्याची वाट मोकळी ठेवण्याचे आहे. तळाची भोके रंगाने, अंडरकोटिंगने किंवा पानांच्या कुजलेल्या लगद्याने बुजलेली असतात. ती मोकळी झाली की गाडी हलवताना दारातून येणारा खळखळाट थांबतो.

खरी गळती बहुधा पॅनेलच्या मागे असते. पॅनेल आणि दाराचा आतला पत्रा यांच्यामध्ये पाणी आत येऊ न देणारा एक पडदा असायला हवा. काच वर-खाली करणारी यंत्रणा दुरुस्त करताना किंवा स्पीकर बसवताना तो फाडला जातो आणि परत कोणी लावत नाही. मग काचेवरून घसरलेले पाणी दाराच्या आतल्या भोकांतून पॅनेलवर येते, पॅनेलचा पुठ्ठा फुगतो आणि पाणी उंबऱ्याच्या आत टपकते. जाड पॉलिथिन दाराच्या आकाराने कापावे, हँडलसाठी लहान चिरा द्याव्यात आणि ब्यूटिलच्या चिकट दोरीने सर्व बाजूंनी बसवावे. खालचा काठ मात्र दाराच्या खालच्या फटीतून आत, पोकळीच्या दिशेने सोडावा. तो बाहेर राहिला तर सारा खटाटोप फुकट जातो, कारण पडद्यावरून ओघळलेले पाणी पुन्हा मॅटवरच येते.

कागदाच्या चाचणीत दाराचे रबर सैल निघाले म्हणून लगेच जाडे रबर आणू नये. आधी दार बिजागरीवर खाली आले आहे का, हे दार अर्धे उघडून वर उचलून पाहावे. बिजागरीची खीळ झिजली असेल तर ती बदलावी, मग कुलपाचा खटका आत-बाहेर सरकवून दार जुळवावे, आणि त्यानंतरच रबराचा विचार करावा. जाड रबर घातल्यावर दार लागेनासे होते, ते आपटावे लागते, आणि आपटून-आपटून खिडकीची त्रिकोणी काच सैल होते.

डिकी आणि तळ

डिकीसाठी मागची सीट काढून आतून माणूस बसवता येतो; डिकीचे झाकण लावून कोणालाही आत कोंडू नये. मागच्या दिव्यांची गॅस्केट, नंबरप्लेटच्या दिव्याच्या तारेचे भोक आणि गाडीच्या नावाची अक्षरे ज्या भोकांत बसतात ती भोके, एवढ्या जागा पाहिल्या की बहुतेक काम होते. अक्षरांच्या खुंट्यांना ब्यूटिलचा एक मणी लावून ती बसवावीत. एरियलचे किंवा टॅक्सीच्या मीटरचे जुने भोक कोणी लांबीने बुजवले असेल तर ते वेल्ड करून घ्यावे.

चालवल्यावरच पाणी येत असेल तर गाडी उचलून भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवावी आणि चाकाच्या कमानीत खालून नळी मारावी. आतल्या माणसाने पेडलच्या आसपास आणि उंबऱ्याच्या पुढच्या टोकाशी पाहावे. येथील सांधे चिखल खाऊन फुटलेले असतात, आणि डांबरी अंडरकोटिंगचा जाड थर त्यांना झाकतो पण मिटवत नाही. तो थर खरवडूनच सांधा उघडा करावा लागतो.

साहित्याविषयी

खिडक्यांच्या चौकटींना आणि न्हाणीघरात वापरले जाणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन गाडीच्या पत्र्याला लावू नये. ते वाळताना त्यातून ॲसेटिक ॲसिड निघते आणि उघड्या पत्र्यावर त्यानेच गंज धरतो. शिवाय त्यावर रंग बसत नाही, आणि काढून टाकल्यावरही राहिलेल्या अंशामुळे नव्या रंगात बारीक खळगे पडतात. माझ्या गाडीच्या काचेभोवतालचे सिलिकॉन काढायला मला नवे रबर बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

रबर घेताना जुन्याचा चार बोटे तुकडा कापून बरोबर न्यावा, कारण नावाने मागितले तर दुकानदार जवळपासचे काहीही देतो. कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याची नाना पेठ येथे फिरल्यावर जुळणारा काप बहुधा मिळतो. रबर घडी करून पाहावे. वळणाच्या जागी बारीक चिरा दिसल्या तर ते दुकानातच म्हातारे झालेले आहे. बसवल्यावर त्याला डिझेल किंवा ग्रीस चोळण्याची सवय सोडावी. त्याने रबर दोन दिवस काळेभोर दिसते आणि मग फुगून मऊ पडते. ग्लिसरीन किंवा सिलिकॉन ग्रीस चालते.

कामाचे वेळापत्रक पंचांगाप्रमाणे ठेवणे सोयीचे आहे. दिवाळीनंतर गाडी उघडावी, थंडीत पत्रा आणि वेल्डिंग, मार्च-एप्रिलमध्ये रंग व रबरे, आणि मे महिन्यात पाण्याची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी. ही दुसरी चाचणी टाळू नये, कारण मोठी गळती बंद झाल्यावरच तिच्याआड लपलेली लहान गळती दिसू लागते. ती स्वच्छ पार पडली आणि गाडी आतून पूर्ण कोरडी झाली की उंबरे व दारांच्या पोकळीत गंजरोधक मेण लांब नळीने फवारावे आणि त्यानंतर निचऱ्याची भोके पुन्हा तारेने मोकळी करावीत.

मॅट मात्र लगेच बसवू नये. जूनमधले पहिले दोन-तीन जोरदार पाऊस वर्तमानपत्रांवरच काढावेत, आणि गाडी एकदा नाक खाली, एकदा शेपूट खाली अशी उभी करून पाहावी. माझ्या गाडीत आता वाऱ्याच्या पावसात उजव्या त्रिकोणी खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून दोन-चार थेंब येतात. ती खिडकी खिळीवर फिरते, तिचे रबर खिळीपाशी तुटक असते, आणि तेथे सीलंट भरले तर ती उघडणार नाही. ते थेंब मी कापडाने पुसतो.